दार फोटोला गेलंय

सोमवारी हर्षदा वारघडे कार्यालयात वेळेआधी पोचायची, आणि त्यामुळे कार्यालयात तिच्याबद्दल थोडा संशय होता. सोमवारी लवकर येणारा कर्मचारी एक तर घरी भांडून आलेला असतो, नाहीतर बदलीच्या खटपटीत असतो. हर्षदाचं दोन्ही नव्हतं. शनिवार-रविवारचे फोटो सोमवारी सकाळी तिच्या संगणकावर येऊन बसलेले असत, आणि ते आपल्याआधी दुसऱ्या कुणी पाहू नयेत असं तिला वाटायचं. दुसरं कुणी ते पाहील याची शक्यता शून्य होती. तरी वाटायचं.

तिच्या टेबलाचं अधिकृत नाव छायाचित्र पडताळणी कक्ष. कक्ष म्हणजे एक टेबल, एक संगणक आणि टेबल तिथे आल्यापासून न उघडलेलं एक कपाट. जव्हार-मोखाड्यात सरकार ज्याला जे देईल, मग ती शेळी असो, शिलाई मशीन असो, विहीर असो की घरकुल, त्याचा फोटो गावातला नेमलेला माणूस मोबाइलच्या ॲपवरून पाठवणार. फोटोत लाभार्थी आणि वस्तू एकाच चौकटीत हवेत, दोघंही स्पष्ट हवेत. फोटोखाली अक्षांश, रेखांश आणि तारीख आपोआप छापली जायची. मग तो फोटो हर्षदाच्या पडद्यावर यायचा, आणि खाली तीन बटणं: हिरवं मान्य, लाल अमान्य आणि पिवळं प्रलंबित. पिवळं बटण ज्याने शोधून काढलं तो नोकरीत चांगला मुरलेला माणूस असणार.

असं काम करून माणसाला फोटोंचा वीट यायला हवा. हर्षदाला व्यसन लागलं. एखाद्याला पहिल्या तानेवरून गायक कळतो तसा तिला फोटो बघताच फोटोग्राफर कळू लागला. पडद्यावर नाव नसायचं, फक्त गावाची दोन अक्षरं आणि आकडा. पण नावाची गरजच पडेनाशी झाली.

जव्हारच्या खालच्या अंगाच्या एका माणसाच्या प्रत्येक फोटोत, डाव्या कोपऱ्यात, त्याचा स्वतःचा अंगठा असे. गुलाबी, किंचित धूसर, संध्याकाळच्या ढगासारखा. सुरुवातीला तिने त्याचे फोटो अमान्य केले. त्याने पुन्हा काढून पाठवले; पुन्हा तोच अंगठा, त्याच जागी. तेव्हा तिला त्यातली निष्ठा जाणवली. एवढ्या फोटोंत आपणही होतो हे सांगायला सरकारने त्या माणसाला दुसरी जागाच ठेवली नव्हती. एकदा एसटी डेपोत रसवंतीसमोर तिला एक अंगठा ओळखीचा वाटला. पण जाऊन विचारायचं काय, हे ठरेपर्यंत गाडी सुटली.

मोखाड्याच्या बाजूचा एक होता, बहुतेक शिक्षक. त्याच्या फोटोत क्षितिज पट्टीने आखल्यासारखं सरळ. ज्या तालुक्यात वाटीभर पाणी सांडल्याशिवाय ठेवायला सपाट जागा मिळत नाही, तिथे हा क्षितिज सरळ आणायचा, आणि त्यापायी माणसं तिरकी व्हायची. शेतकरी कलंडतोय, डोंगर मात्र शिस्तीत उभे. हा माणूस आयुष्यात काय काय सरळ करायला निघाला असेल याचा विचार करत हर्षदा चहा गार करायची.

पण हे दोघे आवडते होते. प्रेम म्हणावं असं एकावरच: खोडा-नऊ.

खोडा-नऊ म्हणजे खोडाळ्याच्या पलीकडचा दांडपाडा, एवढंच तिला माहीत होतं. त्याचा पहिला फोटो तिने पाहिला तो शेळीचा. बाकी सगळीकडे शेळी खुंटाला आणि लाभार्थी बाजूला हात जोडून, जणू दोघांपैकी कुणाला वाटप झालंय हे ठरायचं बाकी आहे. खोडा-नऊच्या फोटोत म्हातारा शेळी दोन्ही हातांत उचलून उभा होता, जावळाला आणलेलं नातवंड धरतात तसा. मागे काही नाही. झाड नाही, घर नाही. पायाखाली काळा कातळ आणि वर आकाशच आकाश. मग शिलाई मशीन आलं. ते त्याच उघड्या कातळावर, बाई पायडल मारतेय, आणि मागे सगळं रिकामं जग. जणू आता ती त्यालाच टाके घालणार. मग विहिरीचा फोटो आला. त्यात विहीर नव्हतीच. नवरा-बायको एकच हंडा चार हातांनी धरून उभे, हंडा काठोकाठ भरलेला, आणि खाली लिहिलेलं: विहीर, पूर्ण.

तो फोटो पाहून हर्षदा खुर्चीतून उठली होती.

"काय झालं? साप निघाला?" पलीकडच्या टेबलावरून गोकुळने विचारलं. गोकुळ आवक-जावक बघायचा. दोन्ही कमी असल्यामुळे त्याचं लक्ष इतरांकडे भरपूर असे.

"इकडे ये. बघ."

गोकुळने बघितलं. "ताई, हा हंडा आहे."

"विहीर आहे."

"बरं," गोकुळ म्हणाला, आणि जाऊन बसला. त्या दिवसापासून तो सोमवारी विचारायला लागला, "आला का तुमचा कलाकार?"

हर्षदाने हंडा मान्य केला. वस्तू आणि लाभार्थी एकाच चौकटीत होते. विहिरीतलं पाणी ही विहीर नव्हे असं परिपत्रकात कुठेही म्हटलेलं नव्हतं. पुढेही ती त्याचे फोटो मान्य करत गेली, आणि हळूहळू तिचं बघणंच बदललं. बाजाराच्या दिवशी ती वाणसामान सोडून माणसं बघू लागली: नवी कोरी छत्री उन्हातही न उघडता, लग्नातल्या काठीसारखी पुढे धरून चाललेला माणूस, दोन कोंबडे काखेत मारून नवऱ्याशी भांडणारी बाई, आणि भांडण ऐकत गप्प बसलेले कोंबडे. शिरपामाळला फिरायला आलेले लोक तिला आता सोसवेनात. एवढ्या लांबून दरी बघायला यायचं आणि फोटोसाठी तिच्याकडेच पाठ करायची. तिने घरी नवऱ्याला मिक्सरशेजारी उभं करून एक फोटो काढून पाहिला. फोटोत नवरा अटक झाल्यासारखा दिसत होता आणि मिक्सर पुरावा वाटत होता. काहीतरी तिला जमत नव्हतं, आणि तेच खोडा-नऊला जमत होतं. ते काय, याचा विचार करताना तिला मजा यायची. कोण असेल? दाढी असेल, खांद्याला झोळी असेल, कमी बोलत असेल, अशी तिने त्याची सोय लावून टाकली होती.

जानेवारीतल्या त्या सोमवारी खोडा-नऊचा एकच फोटो आला, आणि तो बघून हर्षदाच्या तोंडात घास असता तर तसाच राहिला असता.

दार होतं. नुसतं दार. निळ्या रंगाचं, कातळावर उभं. एका बाजूला नवरा, एका बाजूला बायको, दोघांचा एकेक हात दारावर. मागे घर नाही, भिंत नाही, काही नाही. दार उघडलं तर थेट आकाशात पाऊल पडेल. दाराखाली नीट पाहिलं तर मागून आणखी दोन पाय दिसत होते. कुणीतरी ते पाठीमागून धरलेलं. खाली लिहिलेलं: घरकुल, पूर्ण.

"गोकुळ," तिने हाक मारली.

गोकुळ आला. या वेळी तो बराच वेळ बघत राहिला. "घर कुठाय?"

"ते सोड. हे बघ, दोघं कसे उभे आहेत. पाहुणे येणार असल्यासारखे."

"ताई, हे मान्य करू नका. हंडा खपला. दार नाही खपायचं."

हर्षदाचा बाण हिरव्या बटणावर गेला आणि थांबला. घरकुल म्हणजे घर; दार म्हणजे दार. लालवर तर तो जाईचना. शेवटी तिने डोळे मिटून पिवळं दाबलं आणि स्वतःला सांगितलं, की आज नको, उद्या ठरवू. तो उद्या आल्यावर तिने फोटो पुन्हा पुन्हा उघडून बघितला आणि ठरवलं काहीच नाही.

बुधवारी कक्षप्रमुख सुदर्शन सरांनी तिला आत बोलावलं. सर माणूस म्हणून सज्जन होते आणि अधिकारी म्हणून घाबरट, त्यामुळे त्यांचं कुणाशी वाकडं नव्हतं. त्यांच्या पडद्यावर नकाशा होता. ॲपची नवी आवृत्ती आली होती. तीत प्रत्येक फोटोचा एक ठिपका नकाशावर दिसायचा.

"मॅडम, हा दांडपाडा," सर म्हणाले. "आणि हा दांडपाड्याचा ठिपका."

"एकच आहे."

"तेच तर. शेळ्या इथे. मशीन इथे. विहीर इथे. पंप इथे. आता घरकुलही इथेच. एका ठिपक्यावर अख्खं गाव. वरून फोन आला होता. विहिरीत मशीन आहे की मशीनवर घरकुल आहे, असं विचारत होते."

"सर, फोटो खरे आहेत."

"कशावरून?"

चांगले आहेत यावरून, हे उत्तर हर्षदाच्या ओठांवर आलं, पण सरकारी कामात ते चालत नाही एवढी अक्कल तिला होती.

"उद्या जाऊन बघू," सर म्हणाले. "वस्तू जागेवर दिसल्या तर ठीक. नाही तर खोडा-नऊचे सगळे फोटो बनावट म्हणून अमान्य. आणि अमान्य झाले की ते राहत नाहीत. ॲप पुसून टाकतं. तुम्हाला पण उत्तर द्यावं लागेल, सगळ्यांवर मान्यता तुमची आहे."

उत्तराचं हर्षदाला फार वाटलं नाही. उत्तरं तिने आयुष्यभर दिली होती. पण पुसून टाकतं हे ऐकून तिने टेबलावर येऊन खोडा-नऊचे सगळे फोटो पुन्हा उघडले. शेळीवाला म्हातारा, आकाश शिवणारी बाई, चार हातांतला हंडा, हे सगळं उद्या संध्याकाळपर्यंत नाहीसं होणार. ते खरं होतं हे दाखवायला तिच्याकडे एकच दिवस होता. भीती वाटायला हवी होती. पण खरं सांगायचं तर, खोडा-नऊला आपण उद्या प्रत्यक्ष बघणार या विचाराने रात्री तिने साडी तीनदा बदलून ठेवली.

जीप जव्हारहून निघाली, मोखाडा मागे पडला, खोडाळ्याच्या बाजारात सरांनी पाण्याची बाटली घेतली आणि पुढचा रस्ता जीपने मनापासून नाकारला. शेवटचं चालावं लागलं. नागली कापून झालेली, भाताचे पेंढे रचलेले, उतरंडीवर पिवळं गवत. दांडपाडा खोलगट जागी होता. चारी बाजूंनी डोंगर वाकून बघत असल्यासारखे. हर्षदाने मोबाइल पाहिला. रेंजची एकही कांडी नव्हती.

पाड्याच्या तोंडाशीच घरकुल होतं. पक्क्या भिंती, पत्रे, पुढे सारवलेलं अंगण. आणि दाराच्या जागी फक्त चौकट. चौकटीतून एक कोंबडी बाहेर आली, सरांकडे बघून परत आत गेली.

जिव्या आणि त्याची बायको बाळी बाहेर आली. फोटोतलीच. हर्षदाने त्यांना इतक्या वेळा पाहिलं होतं की ती जवळजवळ हसलीच, आणि मग लक्षात आलं, ते तिला ओळखत नाहीत.

"दार कुठाय?" सरांनी विचारलं.

"दार फोटोला गेलंय," जिव्या म्हणाला.

"कुठे?"

"वर. रेंजच्या माळावर."

"घर इथे आणि दार वर कशाला?"

"मंग घर कसं नेणार, साहेब?" बाळी म्हणाली. "जेवढं निघतं तेवढं नेलं."

सरांनी रुमाल काढून कपाळ पुसलं. तेवढ्यात शेजारच्या अंगणातून एक बाई ताड ताड येताना दिसली. पन्नाशीची, नऊवारी गुडघ्यापर्यंत घेतलेली, हातात मोबाइल. मोबाइलची वरची अर्धी काच कोळ्याच्या जाळ्यासारखी तडकलेली.

"कार्यालयाची माणसं का तुम्ही? मी सुकी. इथला फोटो मीच पाठवते."

दाढी आणि झोळी जिथून आली होती तिथे परत गेली. हर्षदा एक पाऊल पुढे झाली. बोलायला बरंच काही होतं, आणि ते सगळं एकदम बाहेर यायला बघत होतं. "तुम्ही खोडा-नऊ? मी हर्षदा. हर्षदा वारघडे, पडताळणीला—"

"ह. ॲपवर नाव येतं ती वारघडे तूच का?" सुकीने तिला वरपासून खालपर्यंत बघितलं. "पिवळं बटण तूच दाबलंस? शनवारी दार वर नेलंय. मान्य आलं का खाली आणायचं, नाय तं परत फोटो मागशील आन् परत वाहायला लागंल. मी रोज माळावर जाऊन बघते, आपलं पिवळंच. ही दोघं थंडीची बिनदाराची झोपतात."

"कुत्रा येऊन निजतो चुलीपाशी," बाळी म्हणाली. "काय बोलणार त्याला. त्यालाबी वाटतं उघडंच हाये तर यावं."

चार दिवस हर्षदा ज्या फोटोकडे बघून बघून हरखत होती, त्या चार दिवसांचं वारं या घरात शिरत होतं. रसिकतेची किंमत कुणाला मोजावी लागते हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

"पण माळावर कशाला?" सर मुद्द्यावर होते. "फोटो जागेवरच काढायचा असतो."

"काढ ना मग," सुकी म्हणाली. "तुझ्याकडं बी असेल ते ॲप. काढ."

दांडपाड्यात कलेक्टरपासून कोंबडीपर्यंत सगळ्यांना तू म्हणायची पद्धत होती. त्यात राग नव्हता. सरांनी मोबाइल काढला. पाहणीचाही फोटो याच ॲपवर, अधिकारी, लाभार्थी आणि वस्तू एका चौकटीत, असा काढायचा होता. नाही काढला तर सर आलेच नाहीत असा अर्थ झाला असता. ॲप उघडलं. पडद्यावर एक गोल फिरू लागला. सरांनी मोबाइल उंच धरला. गोल फिरत राहिला. सर ओट्यावर चढले, मग जिव्याने दिलेल्या लाकडी उखळावर चढले. गोल तिथेही फिरत होता.

"रेंज नसली का कॅमेराच उघडत नाय त्याचा," सुकी समजावून सांगू लागली. "आधी घरचा फोटो काढून नंतर पाठवता यायचा. मग तुमच्याच लोकांनी ते बंद केलं, खोटं होतंय म्हणून. रेंज हाये फक्त माळावर. मग आम्ही वस्तू वर न्यायला लागलो. शेळी चालत जाते, तिचं सोपं. मशीन दोघांनी नेलं. विहिरीचा लै विचार केला. विहीर काय निघत नव्हती."

"म्हणून हंडा," हर्षदा म्हणाली.

"म्हणून हंडा. आन् खाली लिहिलं पूर्ण, कारण हंडा पूर्ण भरला होता. वाटेत सांडला तर परत भरून आणायला लावला मी. अर्धा हंडा म्हणजे अर्धी विहीर, असं तू म्हणायला नको."

हर्षदाने वळून सरांकडे पाहिलं. सर उखळावरून उतरले होते आणि मशीन, पंप, शेळ्या, विहीर, सगळं स्वतःच्या डोळ्यांनी बघत चालले होते. सगळं जागेवर होतं. शेळीने तर मध्यंतरी दोन पिल्लंही दिली होती, त्यांचा फोटो कुणी मागितला नव्हता. पण बघितलं हे सिद्ध करायला फोटो हवा, आणि फोटो इथे निघत नव्हता.

"चल वर," सुकी म्हणाली, आणि चालायलाही लागली.

चढ चांगलाच होता. हर्षदा धापा टाकत सुकीच्या शेजारी राहायची धडपड करत होती. मनात साठलेले प्रश्न तिला चढाच्या आत संपवायचे होते.

"तुमच्या फोटोत वर इतकं आकाश असतं, ते कसं सुचलं?"

"कसलं आकाश?"

"माणसं खाली असतात, आणि वर सगळं रिकामं."

सुकीने मोबाइल दाखवला. "वरची काच गेलीय. वर काय येतं ते मला दिसतच नाय. खाली दिसतं तिथं माणूस बसवते."

हर्षदाच्या आवडीचं अर्धं जग म्हणजे ज्यांनी ते काढलं त्यांनी कधी पाहिलेलंच नव्हतं. याचं वाईट वाटायला हवं की काय, हे ठरवायला चढ पुरेसा नव्हता. "आणि माणसं? तुमची माणसं तशी उभी कशी राहतात? मी नवऱ्याचा काढला, तर तो चोरासारखा दिसला."

"हातात काय दिलं होतंस?"

"काही नाही. मिक्सर बाजूला होता."

"मग दिसणारच. नुसतं उभं केलं का माणसाला हातांचं काय करावं कळत नाय, आन् ते सगळं तोंडावर येतं. त्याची वस्तू त्याच्या हातात द्यायची. जड असली तं लैच चांगलं. मग तो फोटो विसरतो. वस्तू पडू नये एवढंच बघतो. तेव्हा काढायचा."

हर्षदा थांबली. धाप लागली म्हणून नव्हे. दोन वर्षं ती जे शोधत होती ते या बाईने चढावर, मागे वळूनही न बघता सांगून टाकलं होतं. तिला धावत जव्हारला जाऊन नवऱ्याच्या हातात गॅसचा सिलिंडर द्यावासा वाटला.

"तुमचे फोटो फार सुंदर असतात, सुकीताई."

"माझे कसले," सुकी म्हणाली. "आकाश येतंय म्हणतेस त्यात, ते तरी भरायला हवं होतं. फोटो काढावा जव्हारच्या त्या फ्लेक्सवाल्यानं. माझ्या भाच्याच्या लग्नाचा बॅनर बघायचास तू. नवरा गोरा, नवरी गोरी, मागं राजहंस, बाजूला धबधबा. आमच्या पाड्यात सगळ्यात काळा पोरगा, त्याला ओळखणं मुश्कील. त्याला म्हणतात फोटो."

तेवढ्यात माळ आला. काळा सपाट कातळ, आणि त्यावर आडवं ठेवलेलं निळं दार, वर दोन धोंडे, उडू नये म्हणून. वारा असा होता की बोललेलं मागच्या माणसाला ऐकू जात होतं आणि पुढच्याला नाही. सगळ्यांचे मोबाइल एकदम वाजू लागले. सकाळपासूनचे निरोप एका मिनिटात आले. सरांच्या ॲपचा कॅमेरा उघडला.

आता सर पुन्हा अधिकारी झाले. "मी मध्ये. दोघं दोन्ही बाजूंना. दार मागे. फाइल माझ्या हातात दिसली पाहिजे. आणि तुम्ही," त्यांनी मोबाइल सुकीकडे दिला, "मला पूर्ण घ्या."

"दार कोण धरणार?" सुकीने विचारलं. "मागच्या वेळी मागून पोश्यानं धरलं होतं. तो गेला ठाण्याला, कामावर."

"टेकवून ठेवा."

"कशाला टेकवणार? हवेला?"

जिव्याने आणि बाळीने दार उभं केलं. वाऱ्याने ते लगेच पुढे ढकललं. सरांनी एका हाताने मागे नुसतं टेकल्यासारखं केलं, दुसऱ्या हातात फाइल, मान ताठ, नजर समोर. हर्षदाने सुकीच्या खांद्यावरून पडद्यात पाहिलं. वाईट फोटो होता. नवऱ्याच्या मिक्सरपेक्षा वाईट.

"साहेब, तू दार नीट धर," सुकी ओरडली. "तुझं लक्ष माझ्याकडं हाये. दाराकडं दे."

"धरलंय."

तेवढ्यात वाऱ्याचा असा एक झोत आला की फाइलचं झाकण उघडलं, आणि दार दरीच्या दिशेने निघालं. सरांनी फाइल सोडली. दोन्ही हातांनी त्यांनी दाराला कवटाळलं, गाल निळ्या रंगाला लावला, पाय रोवले. जिव्या आणि बाळीने दोन्ही बाजूंनी दार पकडलं, आणि दोघं पाहुण्याकडे बघावं तसे सरांकडे बघत राहिले.

सुकीने दाबलं. पडद्यावर अक्षरं आली: अपलोड झाले.

"परत काढा," सर दाराला गाल लावूनच म्हणाले.

"एका दिवशी एकच घेतं," सुकी म्हणाली. "तुमचंच ॲप."

परतीच्या वाटेवर जीपमध्ये सरांच्या मांडीवर फाइल होती. वाऱ्याने नेलेली फाइलची पानं जिव्याने गवतातून गोळा करून दिली होती, ती ते परत परत क्रमाने लावत होते. दार मात्र माळावरच राहिलं होतं. सुकीने स्पष्ट सांगितलं होतं, हिरवं दिसल्याशिवाय दार हलणार नाही, दोनदा वाहायला आम्ही काय बैल आहोत का.

शुक्रवारी सकाळी तो फोटो हर्षदाच्या पडद्यावर होता. अर्धा दिवस तिने तो उघडला नाही. मग उघडला.

कातळ, आकाश, निळं दार, आणि दाराला मिठी मारलेला एक माणूस. तो कोण, कुठल्या खात्याचा, काही कळत नव्हतं. एवढंच कळत होतं, की हे दार गेलं तर त्याचं सगळं जाणार आहे. दोन्ही बाजूंना उभी माणसं त्याला सांभाळत होती की दाराला, तेही सांगता येत नव्हतं. हर्षदाला वाटलं, खोडा-नऊने यापेक्षा चांगला फोटो काढलेला नाही. मग वाटलं, हा सरांना दाखवायचा आहे.

गोकुळ मागे येऊन उभा होता. "अरे देवा," तो हळूच म्हणाला. "ताई, हा तुमचे सगळे फोटो घेऊन बुडणार. हा बघून सर काही सही करत नाहीत."

सर आले. त्यांनी चष्मा लावला. काढला. पुसून परत लावला.

"हा मी आहे?"

"हो, सर."

हर्षदाला कळत होतं, आता काय होऊ शकतं. फोटो अमान्य केला, तर पाहणी झालीच नाही. पाहणी झाली नाही, तर एक ठिपका, बनावट, आणि सगळं पुसलेलं. सर म्हणाले असते तर ते एका शब्दात झालं असतं.

"नियमात बसतो का?" सरांनी विचारलं.

हो म्हणणं सोपं होतं. पण हर्षदाने खोडा-नऊच्या फोटोंबद्दल कुणाला काही खोटं सांगितलं नव्हतं, आणि आता सुरुवात करावी असं तिला वाटेना. "तुमचा चेहरा अर्धाच दिसतो, सर. नियमाने स्पष्ट हवा." मग ती म्हणाली, "पण दार पूर्ण दिसतंय. आणि तुम्ही ते सोडलेलं नाही, हेही दिसतंय."

सर पडद्याच्या आणखी जवळ गेले. आपल्याला एवढं घट्ट धरता येतं हे त्यांना माहीत नसावं. बायकोने, साहेबांनी, कुणीच त्यांना असं कधी पाहिलं नसावं.

"लिहून घ्या," ते सरळ होत म्हणाले. "सदर पाड्यात रेंज फक्त माळावर उपलब्ध असल्याने सर्व वस्तू माळावर नेऊन छायाचित्रित केल्या आहेत. वस्तू जागेवर प्रत्यक्ष पाहिल्या. ठिपका एकच असणे स्वाभाविक आहे." ते थांबले. "स्वाभाविक लिहिलं का?"

"लिहिलं."

"मान्य करा. हा, आणि ते नुसतं दार आहे तेही." दारापर्यंत जाऊन ते वळले. "हा फोटो घरी नेता येतो का? खालचे आकडे काढून?"

"आकडे निघत नाहीत, सर."

"राहू देत मग," सर म्हणाले आणि आत गेले.

हर्षदाने हिरवं दाबलं. मग खोडा-नऊचा सगळा साठा उघडून एकेक फोटो नीट बघितला, सगळे होते. गोकुळने कधी नव्हे ते चहा स्वतः आणून दिला आणि तो खुर्ची ओढून शेजारीच बसला. सुकीला कळवायचं कसं, हा प्रश्न होता. फोन लागणार नव्हता. ती माळावर चढेल तेव्हाच तिला हिरवं दिसणार. हर्षदा सारखी घड्याळ बघत राहिली, जणू घड्याळाला चढ माहीत होता.

कार्यालय सुटायच्या जरा आधी पडद्यावर एक नवा फोटो आला. खोडा-नऊ. वस्तूच्या रकान्यात काही निवडलेलं नव्हतं, लाभार्थ्याच्याही नाही. काळा कातळ, त्यावर दोन धोंडे, आणि वर तेच आकाश. बाकी काही नाही.

गोकुळ वाकून बघत होता. त्याने पडदा डावीकडून पाहिला, उजवीकडून पाहिला. "यात आहे काय?"

"दार नाहीये," हर्षदा म्हणाली. "खाली नेलं त्यांनी."